चिपचा पत्ता कोण ठरवतो?

संगणकाला जादा मेमरी जोडली, की तिच्यातील घरांना पत्ते कोण देतो? उत्तरासाठी आपण १९७६ सालात जाऊ. त्या वर्षी अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘किम-१’ हा एकाच सर्किट बोर्डावरचा संगणक २४५ डॉलरला विक्रीस आणला. त्याचा प्रोसेसर होता ६५०२ आणि मुख्य मेमरी १ किलोबाइट. ती आठ चिप्सची बनलेली होती. प्रत्येक चिपमध्ये १०२४ घरे आणि प्रत्येक घरात एकच बिट. आठही चिप्सना एकच पत्ता दिला, की आठ बिट, म्हणजे एक बाइट मिळे.

१०२४ घरांसाठी पत्त्याच्या १० तारा पुरतात, कारण २ चा दहावा घात १०२४ आहे. ६५०२ ला मात्र अशा १६ तारा होत्या, म्हणजे एकूण ६५,५३६ पत्ते. उरलेल्या ६ तारांवरून चिप्सचा कोणता गट जागा करायचा ते ठरते. चिपला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. तो जोडणीत असतो.

किम-१ मध्ये काटकसर केलेली होती. या सहांपैकी तीनच तारा डिकोडरला जोडल्या होत्या. त्यातून १ किलोबाइटचे आठ गट होत. वरच्या तीन तारा न वाचल्यामुळे तेच ८ किलोबाइट आठ वेळा दिसत. ० या पत्त्यावर जे असे, तेच ८,१९२ वरही सापडे. आठांपैकी चार गट मोकळे होते. तेथे ४ किलोबाइट सहज बसत.

त्याहून अधिक मेमरी हवी असेल, तर वरच्या तीन तारा वाचणारे सर्किट बाहेरून जोडून मूळ बोर्डाला पहिल्या ८ किलोबाइटपुरते मर्यादित करावे लागे. नाहीतर एकाच पत्त्यावर जुना आणि नवा असे दोन्ही बोर्ड उत्तर देत.

खरी मेख पुढेच होती. रीसेट होताच ६५०२ सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा पत्ता ६५,५३२ व ६५,५३३ या घरांतून वाचतो. किम-१ मध्ये तेथे वेगळी चिप नव्हतीच. पुनरावृत्तीमुळे ८,१८८ पासूनची रॉम तेथे उत्तर देई. पुनरावृत्ती बंद केली, की संगणक सुरूच होत नसे! म्हणून त्या शेवटच्या पत्त्यांसाठी मूळ रॉम जागी करणारी जोडणीही ठेवावी लागे.

६५,५३२ मधून ८,१९२ सात वेळा वजा केले, तर काय उरते? हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. उत्तर आले, की न वाचलेल्या तीन तारांवर संगणकाचे सुरू होणे कसे अवलंबून होते, ते त्यांना आपोआप उमगेल.