सावकाराची मुद्रा

राजाचे चित्र काढणे त्या मानाने सोपे. जरीचा पोशाख, कमरेला तलवार, मागे मखमली पडदा, की निम्मे काम झाले. आम्हां कडकोळच्या मराठी चाकरमान्यांना रविवारी नंजनगूड रस्त्याने म्हैसूर गाठून जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रशाळेत अशी चित्रे मनसोक्त पाहता येतात. परंतु ज्याच्यापाशी मुकुट नाही, तलवार नाही, केवळ पैसा आहे, त्याची सत्ता चित्रकाराने दाखवावी कशी?

१९०३ साली न्यूयॉर्कमध्ये फेडोर एंके ह्या जर्मन चित्रकारापुढे हाच पेच होता. समोर होता जॉन पिअरपॉन्ट मॉर्गन. १८९५ साली अमेरिकेच्या सरकारी खजिन्यातील सोने आटू लागले, तेव्हा खुद्द सरकार ह्या सावकाराच्या दारी गेले होते. १९०१ साली त्याने जुळविलेल्या पोलाद कंपनीचे भांडवल १४० कोटी डॉलर होते. असा गृहस्थ चित्रकारापुढे स्वस्थ बसेना. शिवाय व्याधीने लाल व बेढब झालेले आपले नाक जगाने पाहावे, हे त्यास मुळीच रुचत नसे.

एंकेने एडवर्ड स्टायकेन ह्या पंचविशीही न गाठलेल्या छायाचित्रकाराची मदत घेतली. त्याने इमारतीच्या राखणदारास खुर्चीवर बसवून प्रकाश आधीच जुळवून ठेवला. मॉर्गन आला, जेमतेम तीन मिनिटे बसला, दोन छायाचित्रे देऊन चालता झाला. एक त्याच्या मनाजोगते निघाले. एंकेच्या तैलचित्रास तेच उपयोगी पडले. दुसऱ्या वेळी मात्र मान वळविण्याची सूचना झाली आणि स्वारी चिडली. ती रोखलेली नजर त्यात जशीच्या तशी उतरली. खुर्चीच्या हाताची चकाकी तर मुठीत धरलेल्या सुऱ्यासारखी दिसते! साहेबाच्या भुवया वाचण्यात हयात घालविणाऱ्या आपणां कारकुनांस ही मुद्रा समजावून सांगावी लागत नाही.

मॉर्गनने ती प्रत तत्काळ फाडली. पुढे तिचीच कीर्ती झाली, तेव्हा एका प्रतीसाठी त्याने ५००० डॉलर देऊ केले. स्टायकेननेही त्यास प्रतींसाठी मुद्दाम ताटकळत ठेवले.

तो सुरा म्हणजे मॉर्गनचा स्वभाव, असे मानणे आम्हांस अर्धवट वाटते. १९०७च्या नोव्हेंबरात बँका कोसळू लागल्या, तेव्हा ह्याच सत्तरीच्या म्हाताऱ्याने सावकारांना आपल्या ग्रंथालयात रात्रभर कोंडून, पहाटे अडीच कोटी डॉलरच्या कर्जावर सह्या घेतल्या. लोक वाचले, पण एका माणसाच्या कुलुपावर देशाचा पैसा टांगलेला असावा, ह्याची धास्तीही बसली. १९१३च्या मार्चमध्ये तो वारला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेने मध्यवर्ती बँकेचा कायदा केला.

एंकेचे तैलचित्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. म्हैसूरच्या चित्रशाळेत गर्दी जमते तीही राजांपुढे नव्हे. ती जमते हातातील दिवा तळव्याने जपणाऱ्या एका स्त्रीपुढे. पुष्कळ प्रेक्षक ते चित्र रविवर्म्याचे समजतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची कन्या गीता.