गणिताच्या गोळ्या

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी सोयगाव वसले आहे. जवळच वेताळवाडीचा किल्ला, आणि समोर खानदेशाकडे पसरत गेलेला कपाशीचा मुलूख. इथल्या काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या काय, शाळेत दर पिढीला एखादे तरी मूल असे असतेच, की ज्याच्या पायाला भिंगरी लागलेली असते. पाटीवरचे गणित अर्धे राहते, दप्तर वर्गात विसरते, प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उत्तर तोंडातून निसटते. अशा मुलास द्वाड, वांड, उनाड म्हणावे, आणि छडीने किंवा वर्गाबाहेर उभे करून त्याला वळण लावावे, अशी आपली जुनी रीत. अलीकडे या मुलासाठी 'एडीएचडी' ही चार अक्षरे गावापर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्यामागोमाग एक कोडेही आले आहे. मुळातच चळवळ्या असलेल्या मुलाला डॉक्टर उत्तेजक औषध देतात, हे आगीत तेल ओतण्यासारखे नव्हे काय? या कोड्याचे उत्तर त्या औषधांच्या इतिहासात आहे, म्हणून तो इतिहास थोडक्यात पाहण्याचे आम्ही योजले आहे.

मनाच्या चंचलतेची तक्रार आपल्याला नवी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने ती केली आहे आणि ज्ञानेश्वरांनी तिच्यावर भाष्य करताना माकडाची उपमा योजली आहे. परंतु तिथे प्रश्न साधकाचा होता. तो प्रौढ होता, आणि त्याला अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगता येत होते. सात वर्षांच्या मुलाला काय सांगावे? १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीला काही कमी नसताना स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे त्यांत बारकाईने वर्णन होते. मात्र त्या दोषाला त्यांनी नाव दिले ते नैतिक नियंत्रणाच्या उणिवेचे. निरीक्षण वैद्याचे होते, पण भाषा अजून नीतीचीच होती.

ही भाषा बदलण्यास आरंभ झाला तो एका अपयशी प्रयोगातून. एमा ब्रॅडली या मुलीला बालपणी मेंदूज्वराने कायमचे अपंगत्व आले होते. तिच्या आईवडिलांच्या संपत्तीतून अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९३१ साली मुलांसाठी एक रुग्णालय उभे राहिले. त्याच कुटुंबातले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली तिथे काम करीत. त्या काळी मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्यासाठी मेंदूभोवतीचे पाणी पाठीच्या कण्यातून काढून त्या जागी हवा भरीत. मुलांचे डोके त्यानंतर असह्य दुखे. ते पाणी लवकर पुन्हा तयार व्हावे, या हेतूने ब्रॅडलींनी त्यांना बेंझेड्रिन, म्हणजे अँफेटामिन, देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना भलतेच काही दिसू लागले. जी मुले बाकावर टिकत नव्हती, ती मन लावून अभ्यास करू लागली.

ब्रॅडलींनी मग ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले आणि १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाली होती. मुलांनीच या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले, असे सांगतात. औषध थांबताच सुधारणाही ओसरली. आमच्या मते या आठवड्याचे खरे मोल इथेच आहे. ज्या मुलाची शिकण्याची इच्छाच नाही असे सारे धरून चालले होते, तेच मूल गोळीच्या आधाराने गणित सोडवीत होते. म्हणजे इच्छा होती. तिला तडीस नेणारे काही तरी उणे होते.

दुसरे औषध स्वित्झर्लंडमधले. १९४४ साली सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीने ते घेऊन पाहिले, आणि तिच्या 'रिटा' या लाडक्या नावावरून त्याचे 'रिटालिन' झाले. ते बाजारात आले तेव्हा थकवा आणि मरगळ यांवरचे औषध म्हणून आले. मुलांसाठी त्याचा वापर पुढे, १९६०च्या दशकात रूढ झाला.

मग ही औषधे करतात तरी काय? मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देते तो डोपामिन, नॉरअॅड्रिनलिन अशा रसायनांच्या द्वारे. निरोप पोहोचला, की पाठवणारी पेशी उरलेले रसायन परत ओढून घेते. मेथिलफेनिडेट हे परत ओढण्याचे दार अडवते. अँफेटामिन त्याखेरीज पेशीतला साठाही बाहेर ढकलते. परिणामी निरोप अधिक वेळ आणि अधिक ठळक राहतो. कपाळामागचा मेंदूचा भाग हातातले काम ध्यानात ठेवतो आणि उठू पाहणाऱ्या लहरींना लगाम घालतो. योग्य मात्रेत या औषधांनी त्या भागाचे काम सुधारते. उत्तेजन मिळते ते मुख्यतः या लगामाला. म्हणून मूल वरकरणी शांत दिसते. मात्रा बेताची असावी लागते, कारण ही रसायने फार कमी झाली तरी हा भाग नीट चालत नाही आणि फार वाढली तरी बिघडतो. साधी गोळी सुमारे चार तास टिकते. भूक मंदावणे, झोप लांबणे, नाडी किंचित वाढणे, हे तिचे उपद्रव.

'उत्तेजकाने शांत झाला, त्याअर्थी रोगीच होता', असा तर्क पुष्कळ वर्षे प्रचारात होता. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १४ निरोगी मुलग्यांना डेक्स्ट्रोअँफेटामिनची एक मात्रा देऊन पाहिली. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष वाढले. तर्क कोसळला. गोळी निदान करीत नाही. घरी, शाळेत, वर्षानुवर्षे मुलाचे काय होते आहे, हे माणसांनीच विचारून ठरवायचे असते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरील अमेरिकन अभ्यासात १४ महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार वर्तनोपचाराहून सरस ठरला होता. तीन वर्षांनी मात्र ती तफावत उरली नव्हती. गोळीवर सारा भार टाकणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

भारतात मेथिलफेनिडेट हे गुंगीकारक पदार्थांविषयीच्या १९८५च्या कायद्याच्या यादीत येते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळत नाही. हा निर्बंध रास्त आहे. ही औषधे अधिक मात्रेत वा शिरेतून घेतल्यास व्यसन लावू शकतात. परंतु सोयगावसारख्या ठिकाणच्या पालकांना बालमानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, तर बहुधा जळगावची किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. छडी मात्र वर्गातच असते, आणि तिला चिठ्ठी लागत नाही.

गोळी प्रत्येकाला द्यावी असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळांना तिची गरजही नसेल. स्टिल यांच्या व्याख्यानांपासून ब्रॅडलींच्या त्या आठवड्यापर्यंत जे घडले, ते गोळी न घेणाऱ्या मुलाच्याही उपयोगाचे आहे. लक्ष ही केवळ नीतीची बाब नसून शरीराचीही आहे, एवढे त्यातून ठरले. पाटीवर अर्धे राहिलेले गणित पाहून पहिला हात छडीकडे जाऊ नये, यासाठी तेवढे पुरेसे आहे.