पित्ताशय-उच्छेदन : एकछेदी व बहुछेदी दुर्बीण पद्धती
पित्तखड्यांमुळे वारंवार दुखणारे किंवा सुजलेले पित्ताशय पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्याची शस्त्रक्रिया. जर्मनीत एरिक म्यूए यांनी १९८५ मध्ये ती प्रथम केली. भारतात तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तिचा पाया घातला. रूढ (बहुछेदी) पद्धतीत कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवून ५ ते १० मिमी.ची बहुधा चार छिद्रे पाडतात, तर एकछेदी पद्धतीत बेंबीतील सुमारे २ सेंमी.च्या एकाच छेदातून दुर्बीण व सर्व उपकरणे आत जातात.

व्रण बेंबीत दडतो, हा एकछेदी पद्धतीचा खरा लाभ होय; मात्र उपकरणे समांतर जाऊन एकमेकांना अडत असल्याने पित्ताशयनलिका ज्याची एक बाजू असते व पित्ताशयाची रोहिणी ज्यात असते तो कॅलोट त्रिकोण स्पष्ट उलगडणे कठीण होते, वेळ अधिक लागतो, आणि बेंबीजवळ अंतर्गळ (हर्निया) होण्याचा धोका वाढतो. वेदनेतील फरक अल्पच आढळतो. हा त्रिकोण नीट न उलगडल्यास होऊ शकणारी मुख्य पित्तनलिकेची इजा आयुष्यभराचे दुखणे ठरू शकते. तिच्यापुढे व्रणाचे सौंदर्य गौणच मानले पाहिजे.

ऊसतोडणी वा शेतीची अंगमेहनत करणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने अंतर्गळाचा हा धोका विशेष महत्त्वाचा असून, त्याच्यासाठी बहुछेदी पद्धतच अधिक योग्य ठरते. तीव्र सूज, पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे चिकटलेल्या ऊती किंवा स्थूलता असल्यास एकछेदी पद्धत टाळतात. ती सुरू केल्यावर रचना नीट दिसेनाशी झाली, तर विनाविलंब जादा छिद्र पाडणे हाच सुरक्षित मार्ग असतो.