अज्ञानाचा पडदा

* अज्ञानाचा पडदा : अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स (१९२१–२००२) यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ (१९७१) या ग्रंथात मांडलेली कल्पना. आपण श्रीमंताघरी जन्मणार की मजुराच्या, धडधाकट असणार की अपंग, हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवायचे. अशा वेळी तळच्या माणसाला कोणी वाऱ्यावर सोडणार नाही. यातून दोन तत्त्वे निघतात : सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये, आणि संधी सर्वांना खुली असेल व सर्वाधिक वंचितांचे हित साधत असेल, तरच विषमता मान्य. म्हणजे डॉक्टरला जास्त मोबदला मिळावा, पण त्या व्यवस्थेत गरीब रुग्णाचेही भले व्हायला हवे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी या मांडणीवर मूलभूत आक्षेप घेतले, तरी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) हे आपले पुस्तक रॉल्स यांच्याच स्मृतीला अर्पण केले. — संपा.