पद्मिनी : ठेवावी की विकावी?

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, इटलीच्या फियाटच्या सहकार्याने, जी 1100 जातीची मोटार बाहेर पडली आणि सत्तरीच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव धारण करती झाली, तिने मुंबईच्या मध्यमवर्गाला प्रतिष्ठेची पहिली चाके दिली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. 1089 घनसेंटिमीटरचे तिचे एंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला तिचा गिअर, आणि पैसे भरूनही वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी त्या काळची परवाना-व्यवस्था! त्या प्रतीक्षेमुळेच, माझ्या मते, ती निव्वळ वाहन न राहता कुटुंबाची मिरास झाली.

उत्पादन थांबूनही काळ लोटला. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने, 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या दप्तरी नोंदलेली अखेरची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. खासगी मालकापुढचा पेच निराळा आहे : पंधरा वर्षांनंतर तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण, दुर्मीळ सुटे भाग, आणि कार्बोरेटरची नाडी ओळखणारे, दिवसेंदिवस विरळ होत चाललेले मिस्त्री. तथापि 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली असून, जुन्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचत आहेत.

म्हणून ज्याच्या दारी ती उभी आहे, त्याने शक्य तोवर ती राखावी. विकणे अपरिहार्यच ठरले, तर भंगारात न घालता, जो ती चालवील त्याच्या हाती, साऱ्या कागदपत्रांसह द्यावी.