जामियाच्या प्रांगणातील तालीम



‘तालीम’ हा शब्द आपल्या घरात शिक्षणासाठी वापरतात. मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. तरीही मुलाने किंवा मुलीने विद्यापीठाच्या नाट्यविभागात नाव घालायचे म्हटले, की घरात चिंता पसरते. रंगभूमीवर पोट भरणे कठीण, ही आपली चिंता खोटी नाही. पण नाटक हे शिक्षणाच्या आड येते, या समजुतीला आपल्याच एका थोर शिक्षणसंस्थेचा इतिहास दुजोरा देत नाही.

जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना १९२० साली अलीगढ येथे झाली. १९२५ साली ती दिल्लीस आली आणि पुढे शहराबाहेर ओखला येथे स्थिरावली. डॉ. झाकीर हुसेन यांच्यासह ज्यांनी हलाखीच्या दिवसांत ही संस्था जगवली, त्यांपैकी डॉ. आबिद हुसेन यांनी ‘पर्दा-ए-गफलत’ हे नाटक लिहिले. प्रा. मुहम्मद मुजीब हे १९४८ ते १९७३ अशी पंचवीस वर्षे जामियाचे कुलगुरू होते. इतिहासाचे हे व्यासंगी अभ्यासक ‘खेती’, ‘हब्बा खातून’ यांसारख्या नाटकांचे लेखकही होते, हे लक्षात घ्या.

अशा या संस्थेत १९५४ साली हबीब तनवीर आले. ते मूळचे रायपूरचे, जन्म १९२३ चा. बी. ए. त्यांनी आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून केले आणि पुढे काही काळ ते अलीगढलाही शिकले. आग्ऱ्याचे लोकशायर नझीर अकबराबादी यांच्यावर त्यांनी जामियात ‘आग्रा बाजार’ हे नाटक बसविले. रंगमंचावर कोण होते? जामियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि ओखला गावचे साधे रहिवासी!

नाटकाची गोष्ट साधी आहे. बाजारात मंदी आहे. आपल्या काकडीवर कोणी कविता करून दिली तर माल खपेल, असे एका काकडीवाल्याला वाटते. मोठे शायर त्याला झिडकारतात. नझीर मात्र कविता करून देतात आणि काकडी विकली जाते. तिकडे पुस्तकाच्या दुकानात बसलेले विद्वान नझीरना शायर मानायलाच तयार नसतात. स्वतः नझीर रंगमंचावर एकदाही येत नाहीत. त्यांचे शब्द तेवढे फेरीवाल्यांच्या आणि फकिरांच्या तोंडून ऐकू येतात.

विचार करा, या तालमींतून विद्यार्थ्याला काय मिळते? पाठांतर आणि शुद्ध उच्चार तर आलेच. वेळेवर हजर राहणे आणि दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून मग बोलणे हेही आले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, गावातल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावर, भाषा केवळ ग्रंथात नसते, ती बाजारातही असते, हे त्याला उमगते. वर्गातील फळ्यावर हा धडा लिहून देता येत नाही.

हबीबसाहेब १९५५ साली नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. परतल्यावर त्यांनी छत्तीसगढच्या लोककलावंतांना सोबत घेतले आणि १९५९ साली ‘नया थिएटर’ स्थापन केले. त्यांच्या ‘चरणदास चोर’ला १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात पारितोषिक मिळाले. २००९ साली ते निवर्तले. जामियात त्यांनी धरलेली सामान्य माणसाची संगत अखेरपर्यंत सुटली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नाट्यविभागात जाल तर पदवी पूर्ण करा, भरपूर वाचा आणि आपली घरची बोली विसरू नका. ती तुमचे भांडवल आहे. पालकहो, नाट्यविभागात शिकलेला प्रत्येक जण नट होणार नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी लेखक, कोणी चांगला वक्ता. उपजीविकेचा प्रश्न अवश्य विचारा, विभागात जाऊन अभ्यासक्रमही पाहा. मात्र मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याआधीच नकार देऊ नका. पुस्तकाच्या दुकानात बसलेल्या त्या विद्वानांनी नझीरच्या बाबतीत नेमके तेच केले होते.