साधेपणाची बिले कोणाच्या नावावर?

रोजच्या कटकटींवर सध्या सर्वत्र एकच औषध सुचवले जाते. बँकेतली सही जुळत नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत संपते. तक्रारीसाठी फोन लावावा, तर यंत्र आधी भाषा निवडायला सांगते, मग विषय निवडायला, आणि शेवटी संगीत ऐकवत बसते. या साऱ्याने कावलेल्या माणसाला व्याख्यानमालेत, रविवारच्या पुरवणीत आणि सोसायटीच्या कट्ट्यावर सांगितले जाते, की बाबा रे, गरजा कमी कर, पसारा आवर, सकाळचा चहा सावकाश पी. हा उपदेश इतक्या सज्जन तोंडांतून येतो, की त्याला विरोध करणे उद्धटपणाचे वाटावे. तो उद्धटपणा मी करणार आहे. छोट्या सुखांवर माझेही प्रेम आहे, पण त्यांच्या आडून एक चुकीचा सिद्धान्त रूढ होऊ पाहतो आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या बळकट रूपात. त्याचे म्हणणे असे : पूर्वीचे जगणे साधे होते. आपण हाव वाढवली, वस्तू वाढवल्या, आणि त्यांच्यामागून गुंता आला. गुंता आपण निर्माण केला असेल तर तो सोडवणेही आपल्याच हाती आहे. मन आवरले की कटकटी आपोआप गळतात. उरलेल्या मोकळ्या जागेत ती सुखे नांदतात, ज्यांना पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. या पक्षाचे साक्षीदारही मोठे आहेत. अमेरिकेतला थोरो आहे, आपल्याकडे गांधी आणि विनोबा आहेत. शिवाय पक्षात तथ्यही आहे. कपाटात न वापरलेले कपडे आणि फोनमध्ये न उघडलेली ॲप्स आपल्या सर्वांकडे आहेत. ती जरूर काढून टाकावीत. एवढ्यापुरता वाद नाही.

वाद पहिल्याच विधानापासून सुरू होतो. पूर्वीचे जगणे साधे होते, हे कोणी मोजले?

१९५७ सालच्या १ एप्रिलपूर्वीचा रुपया घ्या. त्याचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. हा हिशेब बाजारात उभ्याउभ्या करता यावा म्हणून शाळेतल्या पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. वजनमापांची तर आणखी मौज. शेर, पायली आणि मण ही नावे सर्वत्र तीच, पण माप मुलखागणिक वेगळे. एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेत तेवढीच भरेल याची खात्री नव्हती, आणि या फरकात कोणाचा संसार चालत असे आणि कोणाचा बुडत असे, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

वेळेचे पाहा. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई महापालिकेने आपली स्थानिक वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, आणि हा प्रकार १९५५ पर्यंत चालला. त्याआधी आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत आणि शहर स्वतःच्या वेळेने. एकाच शहरात दोन घड्याळे सांभाळणारा तो माणूस साधे जीवन जगत होता म्हणायचे?

आता उंबरठ्याच्या आत चला, कारण साध्या जीवनाचे चित्र नेहमी घराचे काढले जाते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकिगत आहे. बाजारातला किराणासुद्धा धुऊन घेतल्याशिवाय त्या घरात येत नसे. पुस्तक विनोदी अंगाने सांगते, म्हणून आपण हसतो. पण ते धुणे, वाळवणे, पुन्हा विटाळले म्हणून पुन्हा धुणे, हे कोणाच्या वाट्याला येई? हे घर टोकाचे होते, हे मान्य. मग टोकाचे नसलेले घर घ्या. पहाटे जात्यावर बसणारी, विहिरीवरून पाणी ओढणारी, चुलीच्या धुरात डोळे चोळणारी बाई त्या घरातही होतीच. ओसरीवर पान जुळवत बसलेल्या यजमानांचे जीवन मात्र साधे होते. त्यांना फक्त पाटावर येऊन बसायचे होते. पूर्वपक्षाने त्यांचीच साक्ष नोंदवली आहे. माजघराची उलटतपासणी झालेलीच नाही.

मी पुढे सिद्ध करू पाहतो ते इथे स्पष्ट मांडतो. गुंतागुंत सहसा नाहीशी होत नाही. ती एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. संगणकाच्या क्षेत्रात लॅरी टेस्लर या तज्ज्ञाने १९८०च्या दशकात जवळजवळ हेच सूत्र मांडले : कामात मुळातच असलेली गुंतागुंत घटत नाही, ती बनवणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने, एवढाच प्रश्न उरतो. संसाराला आणि सरकारला हे सूत्र संगणकाइतकेच लागू पडते.

दुसरे विधान हावेचे. आजच्या कटकटी हावेतून आल्या असतील, तर ज्याला हाव नाही त्याला त्या होऊ नयेत. हा तर्क पूर्वपक्षाचाच आहे. मी तो फक्त शेवटपर्यंत नेतो. दोन धोतरांवर आणि निवृत्तिवेतनावर भागवणारा वृद्ध घ्या. याहून कमी गरजा काय असणार? पण दर नोव्हेंबरात त्याला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावरही होते. सोय चांगली आहे, यात शंका नाही. पण वयाने आणि कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र ओळखत नाही, तेव्हा ‘गरजा कमी करा’ हा सल्ला त्याला नेमका कसा उपयोगी पडतो? जिवंत राहण्याची गरज कमी करायची काय?

शेतकऱ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद तलाठी करीत असे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची असे ठरले. जुनी पद्धत चांगली होती असे मी म्हणत नाही. चावडीत बसल्या बसल्या पीक लिहिले जाते, ही तक्रार खेड्यापाड्यांत जुनीच होती. पण हिशेब नीट मांडा. काम कमी झाले नाही. ते पगारी माणसाकडून बिनपगारी माणसाकडे गेले, आणि त्याबरोबर रेंज नसण्याची, गट क्रमांक न जुळण्याची, मुदत संपण्याची जोखीमही गेली. यात शेतकऱ्याची हाव कुठे आली?

थोरोकडे वळू. १८४५ ते १८४७ तो वॉल्डन तळ्याकाठी राहिला. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हे त्याने पै-पैसह लिहून ठेवले आहे. जमीन मात्र मित्राची, इमर्सनची. आणि जमाखर्च मांडताना त्यानेच नमूद केले आहे, की धुणे आणि कपड्यांची डागडुजी बहुतेक बाहेर होई, त्यांची बिले अजून आलेली नाहीत. या वाक्यावरून त्याला ढोंगी ठरवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. लपवायचेच असते तर त्याने लिहिलेच नसते. साधेपणाचा हिशेब मांडताना न आलेली बिलेही नोंदवावीत, एवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. त्याचा हवाला देणारे नेमकी तीच नोंद गाळतात.

आता छोट्या सुखांचा मुद्दा. ती कोणावर अवलंबून नसतात, असे सांगितले जाते. संकष्टीचे घ्या. दिवसभराच्या उपासानंतर गच्चीवर जाऊन चंद्र शोधणे, तो दिसताच खाली हाक मारणे आणि मग मोदक : याहून निर्मळ सुख मला तरी ठाऊक नाही. पण चंद्र किती वाजता उगवणार हे आपल्याला कसे कळते? भिंतीवरच्या कालनिर्णयवरून. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू करण्यापूर्वीही दिनदर्शिका होत्या आणि पंचांगे तर होतीच. पण पंचांग वाचणे हे जाणत्याचे काम होते. तिथी विचारायला भटजींकडे जावे लागे. त्या पंचांगामागे सूर्यसिद्धान्तापासून चालत आलेले गणित, आणि कोणते गणित शुद्ध यावर लोकमान्यांसारख्यांनी घातलेले वाद. हा सगळा भार आधी गणितज्ञांनी आणि मग छापणाऱ्यांनी उचलला, तेव्हा आपल्या वाट्याला एक चौकोन आला, ज्यात तिथीही आहे आणि दूधवाल्याचे खाडे लिहायला कोपराही आहे. हे खरे सुलभीकरण. इथे कोणी गरज कमी केली नाही. एकाने गुंता स्वतःकडे घेतला, म्हणून लाखोंना सुख मोकळे मिळाले.

राहिले गांधी. पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार तोच, आणि मी त्यालाच माझ्या बाजूने बोलावतो.

१९१७ च्या सप्टेंबरात गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेप्रवासाविषयी वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिले. पुढे ते पुस्तिकेच्या रूपाने निघाले. मुंबईहून मद्रासला ते मेलने गेले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी, आणि प्रवासाचा बराच काळ आत ३५ हून कमी माणसे नव्हती. वाटेत डबा झाडला गेला नाही. संडासाची अवस्था, बाकांवरची घाण, रात्रभर झोपायला नसलेली जागा, सारे त्यांनी एखाद्या तपासनिसासारखे टिपले आहे. आणि मग चहा. फलाटावर मिळणारा चहा म्हणजे कडवट पाणी, मळकट साखर आणि दूध म्हणून खपवला जाणारा पांढुरका द्रव, असे त्यांचे वर्णन आहे. यातले रूप आपण स्वतः पाहिले, चवीची साक्ष मात्र सहप्रवाशांची, असेही ते बजावतात. कारण स्वतः ते चहा पीत नसत.

इथे क्षणभर थांबून न्यायाधीशांनी विचार करावा. चहा वर्ज्य मानणारा हा माणूस. गरजा कमी करण्यात याचा हात धरणारा दुसरा कोण? ‘लोकहो, चहाच सोडा, म्हणजे वाईट चहाचा प्रश्न मिटेल,’ असे लिहिण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांनाच होता. त्या पत्रात त्यांनी तसे केले नाही. भाडे भरणाऱ्याला चांगला चहा, झाडलेला डबा आणि बसायला जागा मिळालीच पाहिजे, ही त्यांची भूमिका. स्वतःचा साधेपणा त्यांनी स्वतःपुरता ठेवला आणि दुसऱ्याच्या गैरसोयीचा जाब रेल्वेला विचारला. प्रवाशांच्या थुंकण्या-सांडण्याच्या सवयींनाही त्यांनी सोडले नाही; पण त्या सवयींच्या आड रेल्वेला लपू दिले नाही. ‘मनाचे समाधान’ ही सबब त्यांनी कोणाच्याही हाती दिली नाही. आजचे साधेपणाचे उपदेशक गांधींचा पंचा घेतात आणि हे पत्र विसरतात. हा साक्षीदार त्यांचा कसा?

‘पण व्यवस्था बदलणे आपल्या हाती थोडेच आहे? मन तरी आपले आहे,’ हा पूर्वपक्षाचा शेवटचा बुरूज. तोही तपासू. ज्यांनी नोकरीचे अर्ज केले आहेत, त्यांना खऱ्या प्रतींचा छळ आठवत असेल. गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागे. ओळख नसलेला अधिकारी सही का देईल? मग ओळख काढा, चकरा मारा, दुपारी साहेब जेवायला गेलेले असतील तर बाहेर थांबा. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच सही केलेली प्रत पुरेशी मानण्याचे धोरण घेतले. मूळ कागद शेवटच्या टप्प्यावर दाखवले की झाले. टेस्लरचे सूत्र इथे लागू पडत नाही, कारण ही गुंतागुंत कोणाकडे सरकली नाही. ती मुळात अनावश्यक होती, म्हणून मेली. त्यासाठी एकाही उमेदवाराला ध्यानधारणा शिकावी लागली नाही. एक परिपत्रक पुरले. जे काम एका परिपत्रकाने होते, त्यासाठी कोट्यवधी माणसांना सहनशीलतेचे धडे का द्यायचे?

उपाय म्हणून गांधींनी त्याच पत्रात एक सूचना केली होती. व्हाइसरॉय, सरसेनापती, राजेमहाराजे आणि एरवी वरच्या वर्गाने जाणारे इतर बडे लोक यांनी आगाऊ सूचना न देता अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा. आजच्या भाषेत ती अशी होईल : जो सचिव अर्जाचा नमुना मंजूर करतो आणि जो बँकप्रमुख नवा नियम काढतो, त्याने तो अर्ज तालुक्याच्या गावी, साध्या फोनवर, स्वीय सहायकाच्या मदतीवाचून, वर्षातून एकदा स्वतः भरावा. आधारवर ‘विठ्ठल’ आणि सातबाऱ्यावर ‘विठल’ असे नाव घेऊन भरावा. हे करायला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. एकशे काही वर्षांपूर्वी तो प्रस्ताव लेखी दिलेला आहे.